दुःखात देवावर भरवसा कसा ठेवता येतो?

हा प्रश्न गेल्या चार-साडेचार वर्षांत मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. कोणी सरळ विचारला, कोणी आडून. एक पुतणी फोनवर म्हणाली, "काका, एवढं सगळं होऊनही तुम्ही दर रविवारी देवळात जाता कसे?" (आम्ही नगरकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो.) शेजारचे एक वारकरी मित्र म्हणाले, "गुरुजी, तुमचा देव अशा वेळी काय सांगतो हो?" असल्या गोष्टी फोनवर किंवा कट्ट्यावर उभ्या उभ्या बोलता येत नाहीत. म्हणून आज सवडीने लिहायला बसलो आहे.

मी धर्मशास्त्र शिकलेला माणूस नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथे सुप्यात घर बांधून राहिलो. सुपा म्हणजे पारनेर तालुक्यातलं, नगर-पुणे रस्त्यावरचं. बारामती तालुक्यातलं सुपे वेगळं. पूर्वी सुपा म्हटलं की दुष्काळ आठवायचा, आता एमआयडीसी आणि डोंगरावरच्या पवनचक्क्या आठवतात. तेव्हा जे लिहितो आहे ते एका साध्या विश्वासणाऱ्याचं लिहिणं आहे असं समजून वाचावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०२१ च्या एप्रिलअखेर, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमची ही गेली. आजारी पडल्यापासून अकराव्या दिवशी. शेवटचे सहा दिवस मला तिला भेटता आलं नाही. दफनाला आम्ही चौघे होतो, त्यातले दोघे अनोळखी. जिने चाळीस वर्षं संडेस्कूलच्या मुलांना गाणी शिकवली, तिच्या कबरीवर एकही गीत म्हटलं गेलं नाही. आम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली होती. पुण्याहून, मुंबईहून, औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर) नातेवाईक फोनवर एकत्र येऊन रोज रात्री प्रार्थना करत होते. ती वाचली नाही. त्याच आठवड्यात ज्यांनी कधी देवाचं नाव घेतलं नाही अशी माणसं बरी होऊन घरी आली, आणि फार भाविक माणसं गेलीही. यात काही हिशेब लागत नाही.

माझा मुलगा तेव्हापासून देवळात येत नाही. मी त्याला आग्रह करत नाही. पण हे लिहिताना तो डोळ्यांसमोर आहे, हे खरं.

दुःखाच्या घरी माणसं समाधानाला येतात तेव्हा काही ठरलेली वाक्यं बोलतात. देवाला चांगली माणसं आवडतात. ही तुमच्या विश्वासाची परीक्षा आहे. यात देवाची काहीतरी योजना असणार. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, त्यामुळे राग धरू नये. पण ही वाक्यं बायबलमधली आहेत असं जे समजलं जातं, ते मला पटत नाही. ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचून पाहा. ईयोबाची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडायला सुरुवात केली. देव न्यायी आहे, म्हणजे ईयोबा, तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब मात्र भांडत राहिला. देवाला त्याने कोर्टात खेचायचंच बाकी ठेवलं. आणि पुस्तकाच्या शेवटी देव कोणावर रागावतो? देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर. ईयोब आपल्याविषयी खरं बोलला, असा निवाडा देव देतो. अध्यायामागून अध्याय तक्रार करणाऱ्या माणसाला!

शाळेत मराठी शिकवताना मला याचं नवल वाटायचं नाही, कारण आपल्या तुकोबांनी तरी काय केलं? दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. विठ्ठलाशी ते किती भांडले! भांडण करतो तो माणूस नातं तोडत नाही. नातं तुटलेला माणूस बोलतच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला राहिलेले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. मला वाटतं या भांडणाच्या वाटेनेसुद्धा त्या पुलावर जाता येतं. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं म्हणजे निव्वळ रडगाणी आहेत, आणि ती आपण उपासनेत मोठ्याने वाचतो. तक्रारीला देवळात जागा आहे. भरवसा म्हणजे गप्प बसणं नाही, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट शिक्षेची. आपल्याकडे कोणावर संकट आलं की लगेच विचारतात, काय पाप केलं होतं? आपल्यातही हा विचार मुरलेला आहे, भाषा फक्त वेगळी. ६ नोव्हेंबर २०२१ ला, भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. आमच्या भागातल्या सगळ्यांनी ती बातमी सुन्न होऊन ऐकली. सणाच्या दिवशी, बरं व्हायला म्हणून ठेवलेली माणसं. ती बातमी ऐकताना मला लूकच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय आठवला. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशू त्याचा उल्लेख करतो आणि विचारतो की ती माणसं शहरातल्या इतर सगळ्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. बुरूज का पडला याचं कारण तो सांगत नाही. पण मेलेल्यांच्या माथी दोष मारण्याची वाट तो बंद करून टाकतो, आणि ऐकणाऱ्यांना आपापलं जीवन तपासायला सांगतो. ही गेली तेव्हा हा अध्याय मला फार उपयोगी पडला. देवाने तिला कशाची शिक्षा केली नाही, आम्हालाही केली नाही.

आता प्रार्थनेकडे येतो. १९७२ च्या दुष्काळात मी नुकता बी.ए. होऊन घरी होतो. विहिरी आटल्या होत्या. गावची बायामाणसं खडी फोडायला जात होती. मुलांना सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना मोडायची. आमच्या लहानशा देवळात रोज संध्याकाळी पावसासाठी प्रार्थना चाले. तिकडे मारुतीच्या देवळात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. पाऊस दोघांच्याही म्हणण्यावरून पडला नाही. माझे वडील गावचे मास्तर आणि मंडळीचे वडील होते. प्रार्थना संपली की ते एकच सूचना द्यायचे, "उद्याही याच वेळेला जमायचं आहे." पाऊस न पडता ती सूचना त्यांनी कितीतरी दिवस दिली. तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. पाऊस पुढच्या वर्षी पडला, त्याच्या वेळेला. पण त्या वर्षभरात कोणाच्या घरी पीठ नाही हे रोज संध्याकाळी सगळ्यांना कळत असे, आणि कळल्यावर काही ना काही केलं जाई. मागितलेलं मिळालं म्हणून ठेवलेला भरवसा हा व्यवहार झाला. तो पुढच्या दुष्काळात मोडतो. वडिलांचा मोडला नाही, कारण तो पावसावर बांधलेला नव्हता.

आमच्या भागातल्या ख्रिस्ती लोकांना दुष्काळावरून एक टोमणा पूर्वी ऐकावा लागे, अजूनही कधी कधी कानावर येतो. धान्यासाठी बाटलेले. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि मग १८९९-१९०० चा, ज्याला लोक छपन्नाचा दुष्काळ म्हणतात, या दोन्ही वेळी अमेरिकन मराठी मिशनने नगर जिल्ह्यात खूप मदत केली. रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांना त्या कामाबद्दल १९०१ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. त्या काळात पुष्कळ माणसं ख्रिस्ती झाली हेही खरं आहे. उपाशी माणसाने भाकरी देणाऱ्याचा देव विचारला तर त्यात लाज वाटावी असं मला काही दिसत नाही. पण देवावर भरवसा ठेवला की दुःख टळतं असं त्यांना कोणी शिकवलं असेल, तर ते त्यांना फार दिवस पटलं नसणार. पुढे प्लेग आला, पुन्हा दुष्काळ आले, आणि ते ख्रिस्ती घरांना चुकवून गेले नाहीत. मिशनरी लोकांनाही चुकले नाहीत. विल्यम हार्वी १८३१ मध्ये मुंबईला उतरले, त्याच वर्षी त्यांची पत्नी वारली. डिसेंबरात ते सोबत्यांबरोबर नगरला काम सुरू करायला आले, आणि १८३२ च्या मे महिन्यात पटकीने गेले. जेमतेम सहा महिने. नगरची मंडळी स्थापन झाली ती त्यानंतरच्या वर्षी.

मात्र या विषयावर कोणाचं आयुष्य समोर ठेवावं असं मला विचारलं, तर मी पंडिता रमाबाईंचं नाव घेईन. आपल्याकडे त्यांची ओळख विदुषी आणि समाजसुधारक म्हणून करून देतात, ते बरोबरच आहे. पण दुःखाचा त्यांचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान, बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरायचं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांच्याजवळचं सगळं संपलं. व्रतं केली, दानं केली, देवांची आराधना केली. भीक मागायची नाही हा बाणा होता. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. राहिली ती सोळा-सतरा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे उपाशीतापाशी हजारो मैल पायी फिरले. पंजाबातल्या थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, मानेपर्यंत स्वतःला पुरून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या, मांडीवर मनोरमा, वर्षाचीही नाही.

हे सगळं त्या ख्रिस्ती होण्यापूर्वीचं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. तिने तिथे परक्या देशात आत्महत्या केली. आणि त्यानंतर काही दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे सुखात असताना, देवाने काही चांगलं केलं म्हणून घेतलेला तो निर्णय नव्हता. जवळची जवळजवळ सगळी माणसं गमावलेल्या बाईने तो घेतला होता.

पुढे १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंची शाळा तेव्हा पुण्यात होती. दुष्काळाच्या बातम्या वाचल्यावर त्यांना आपलं लहानपण आठवलं आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. मोडून पडलेल्या विधवा आणि पोरक्या मुली शेकड्यांनी घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला (आपलं नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं) मुक्ती सदन उभं राहिलं. पुढच्या, म्हणजे छपन्नाच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुलं होती. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींना वाचायला शिकवणं, सगळं तिथे चाले.

आता इथे सांभाळून लिहायला हवं. रमाबाईंचे आईवडील उपाशी मेले ते पुढे त्यांच्या हातून दोन हजार जणींचं भलं व्हावं म्हणून, असं मी म्हणणार नाही. असा सौदा करणारा देव मला मानवणार नाही, आणि बायबलमध्येही तो मला सापडत नाही. मी एवढंच म्हणतो की दुष्काळाने त्या बाईला कडू केलं नाही. उपाशी माणूस कसा दिसतो, कुठे बसतो, लाजेने काय मागत नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि ती तिथे गेली. त्या दुष्काळात देव कुठे होता असं त्या मुलींपैकी एखादीला विचारलं असतं, तर तिने कदाचित त्या पांढऱ्या लुगड्यातल्या बाईकडे बोट दाखवलं असतं.

आणि रमाबाईंचं दुःख तिथेही संपलं नाही. आईच्या कामाचा भार उचलणारी एकुलती एक मनोरमा १९२१ च्या जुलैत वारली. रमाबाईंना तेव्हा ऐकू फार कमी येत असे, प्रकृतीही ढासळली होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्याचं काम त्या कित्येक वर्षं करत होत्या. मुलगी गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही. ते पुरं करत आणलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ज्या पुस्तकातल्या देवाने आपली मुलगी नेली असं कोणीही म्हटलं असतं, तेच पुस्तक ही आई ओळ ओळ तपासत बसली होती. भरवसा या शब्दाचा अर्थ मुलांना सांगायचा झाला तर मी हे उदाहरण देईन.

पण रमाबाईंनी तरी कशाच्या जोरावर भरवसा ठेवला? आपण कशाच्या जोरावर ठेवायचा? माझ्यापुरतं याचं उत्तर मला २०२२ च्या उत्तम शुक्रवारी सापडलं. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळकसाहेबांनी त्या वर्षी मला चौथा उद्गार दिला. देवाने आपल्याला का सोडलं असं येशू मोठ्याने ओरडून विचारतो, तो. हिला जाऊन वर्ष होत आलं होतं. तयारी करताना माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीतला आहे. म्हणजे एका जुन्या दुःखी माणसाची तक्रार देवाच्या पुत्राने मरताना आपल्या तोंडी घेतली. आणि त्याला आकाशातून उत्तर आलं नाही. दुपारी अंधार पडला, एवढंच.

ख्रिस्ती माणसाचा भरवसा इथे आहे असं मला वाटतं. दुःख का, याचा खुलासा आपल्याला मिळालेला नाही. पण आपला देव दुःखाच्या बाहेर खुर्ची टाकून बसलेला नाही. तो आत आला. तहान, मार, मित्रांनी सोडून जाणं, आईच्या डोळ्यांदेखत मरणं, आणि ज्याला हाक मारली त्याच्याकडून उत्तर न येणं, हे सगळं त्याला अंगावर घेऊन ठाऊक आहे. ज्या खोलीत मला जाता आलं नाही, त्या खोलीत शेवटचे सहा दिवस ही एकटी होती, हा विचार मला झोपू देत नसे. त्या शुक्रवारनंतर एवढं म्हणता येऊ लागलं की ती अगदी एकटी नव्हती. ज्याला एकटं मरणं माहीत आहे असा कोणीतरी तिथे होता.

आणि तिसऱ्या दिवसाचं विसरून चालणार नाही. पुनरुत्थान नसतं तर वरचं सगळं नुसती सहानुभूती ठरली असती. मरणाच्या पलीकडे देवाचं काहीतरी आहे, म्हणून आम्ही कबरीवर गाणी म्हणतो. पण मला त्यातही एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. थोमाला त्याने तेच दाखवले. नव्या जीवनात देवाने ते पुसून टाकले नाहीत. म्हणून कोणी मला म्हटलं की आता दुःख विसरा, तर मी म्हणतो, विसरायचं कशाला? व्रण राहू देत.

रोजच्या जगण्यात यातून काय होतं, असं पुतणी विचारील. फार मोठं काही होत नाही. सकाळी वाचन होतं, प्रार्थना होते, काही दिवस नुसतं गप्प बसून राहतो. ही गेली त्या पंधरा दिवसांत मला घराबाहेर पडायची मनाई होती, तेव्हा शेजारच्या वारकरी मित्राच्या आणि समोरच्या मुसलमान कुटुंबाच्या घरून रोज पिठलं-भाकरीचे डबे ओट्यावर ठेवलेले असायचे. दार वाजवून ते लांब उभे राहत, मी डबा घेतला की हात करून जात. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस जे केलं, ते हेच. आता गावात कोणाकडे दुःख झालं की मीही डबा घेऊन जातो आणि शक्यतो काही बोलत नाही.

मुलगा दर महिन्याला येतो. आईच्या कबरीवर तो माझ्याबरोबर येतो, गवत उपटतो, मी गीत म्हणतो तेव्हा बाजूला उभा राहतो. परवा म्हणाला, देवाशी बोलायची इच्छाच होत नाही, फार राग येतो. मी म्हटलं, राग येतो तर तेच त्याला सांग. त्याला चालतं.